आकडा रक्तातला, हिशेब पेशीपटलावरचा

कोलेस्टेरॉल निर्दोष असल्याचे सांगणारे संदेश गेली काही वर्षे शहरी मध्यमवर्गाच्या मोबाइलवर नेमाने फिरत आहेत. त्यांतील युक्तिवाद साधारण एकाच घाटणीचा असतो. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण कोलेस्टेरॉलवाचून नीट राहू शकत नाही, शरीर स्वतःच ते तयार करते, मेंदूत तर त्याचा मोठा साठा असतो. मग असा पदार्थ कमी करण्यासाठी जन्मभर गोळ्या कशासाठी घ्यायच्या? अमेरिकेच्या २०१५ ते २०२० या कालावधीसाठीच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून दररोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा वगळण्यात आली, हा दाखला त्याला हमखास जोडलेला असतो. आहारातील कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी ठेवावे, असेही त्याच दस्तऐवजात म्हटले होते, ते मात्र सोयीस्करपणे गाळले जाते. आणि हे सारे वाचून स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करण्याच्या मोहात पडणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसेही असतात. प्रश्न म्हणूनच केवळ वादापुरता उरत नाही.

या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे, हीच त्याची ताकद आहे. पेशीपटलाला कोलेस्टेरॉल लागते, यात तिळमात्र शंका नाही. पण ते पेशीपटलावर कोठे असते, तेथे काय करते आणि रक्तात फिरणाऱ्या कोलेस्टेरॉलशी त्याचे नाते काय, याविषयी गेल्या तीन दशकांत जे संशोधन झाले, ते या संदेशांच्या उत्तरार्धाच्या नेमके विरुद्ध जाते. गंमत अशी की, त्याच संशोधनाचा आधार घेऊन दुसऱ्या बाजूने औषधांची आणि कॅप्सूलांची बाजारपेठही उभी राहते आहे. पेशीपटलाचे हे शास्त्र दोन्हीकडून ओढले जात असताना त्यात सिद्ध किती आणि सांगोवांगी किती, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

पेशीचे आवरण म्हणजे पाच ते दहा नॅनोमीटर जाडीचा मेदाचा दुपदरी पडदा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या पडद्याचे जे चित्र रेखाटले, ते पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकविले गेले. मेदाचा एक पातळ, वाहता समुद्र आणि त्यात इतस्ततः तरंगणारी प्रथिने, असे ते चित्र होते. त्यात समुद्राला स्वतःचे असे फारसे काम नव्हते. काम करायचे ते प्रथिनांनी, मेदाने फक्त त्यांना तरंगते ठेवायचे.

या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो काय सिमन्स आणि एलिना इकोनेन या फिनलंडच्या दोघा शास्त्रज्ञांनी. १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी मांडले की, हा समुद्र सर्वत्र सारखा नाही. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड जातीचे मेद एकमेकांना धरून दाट, काहीसे घट्ट असे छोटे पट्टे तयार करतात आणि पातळ मेदाच्या प्रवाहात ते तराफ्यांसारखे फिरतात. काही प्रथिनांना या तराफ्यांवर जागा मिळते, काहींना मिळत नाही. पेशीला बाहेरून आलेला संदेश आत पोहोचवायचा, तर संदेश घेणारे प्रथिन आणि तो पुढे नेणारे प्रथिन एकत्र यावे लागते. तराफे ही त्यांच्या भेटीची जागा. कोलेस्टेरॉलचे काम काय, या प्रश्नाला पेशीपटलाला बळकटी देणे यापलीकडचे उत्तर त्यामुळे मिळाले. पेशीच्या दारावर कोण कोणाशेजारी उभे राहणार, हे ठरविण्यात कोलेस्टेरॉलचा हात असतो.

कल्पना मोहक होती आणि त्यामुळेच ती भराभर पसरली. पुढच्या पाच-सहा वर्षांत कर्करोगापासून एड्सच्या विषाणूपर्यंत असा विषय उरला नाही की ज्यात तराफे दाखविले गेले नाहीत. पुरावा मात्र बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीचा होता. पेशी चार अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायच्या, त्यांवर विशिष्ट डिटर्जंट ओतायचा आणि जे विरघळणार नाही ते तराफ्यांचे, असे मानायचे. डिटर्जंटमध्ये विरघळण्यापूर्वी जिवंत पेशीत तसे काही अस्तित्वात होते कशावरून? थंडीत तूप थिजते म्हणून ते तव्यावरही घट्टच होते, असे म्हणता येत नाही. केंब्रिजचे शॉन मन्रो यांनी २००३ मध्ये 'सेल' या नियतकालिकात नेमका हाच प्रश्न उपस्थित केला आणि तराफे निसटते आहेत की निव्वळ भास आहेत, अशी रोखठोक शंका मांडली.

या वादात भारतातील एका प्रयोगशाळेचे काम निर्णायक ठरले, याची नोंद आपल्याकडे पुरेशी घेतली गेली नाही. पवईच्या आयआयटीतून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे अमेरिकेत शिकलेले सत्यजित मेयर बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करीत होते. त्यांनी डिटर्जंटची वाटच सोडली. जिवंत पेशीवरील प्रथिनांना चमकणारे रेणू जोडायचे आणि एका रेणूकडून शेजारच्या रेणूकडे प्रकाशाची ऊर्जा जाते की नाही, हे मोजायचे, अशी ही पद्धत. ही ऊर्जा फक्त काही नॅनोमीटर अंतरावरच्या शेजाऱ्याकडे जाते. तेव्हा ती गेली, याचा अर्थ रेणू एकमेकांना खेटून उभे आहेत. राजत वर्मा यांच्यासमवेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने जिवंत पेशीत असे पुंजके असल्याचे दाखविले आणि २००४ च्या कामातून पुंजक्यांचा आकारही समोर आला. तो कल्पनेपेक्षा कितीतरी लहान निघाला. फार तर चारएक रेणूंचा एक पुंजका, आणि तोही सारे रेणू सामावून घेणारा नव्हे. बहुसंख्य रेणू एकटेच फिरत होते. पुढे मदन राव यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञाच्या साथीने या गटाने असेही मांडले की, हे पुंजके मेदाच्या गुणधर्मामुळे आपोआप साचत नाहीत, तर पडद्याखालचे ॲक्टिन नावाचे तंतू ऊर्जा खर्च करून त्यांना जमवतात. तराफा पाण्यावर आपोआप तरंगतो. येथे तो कोणीतरी बांधत होते आणि सोडत होते.

२००६ मध्ये या क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका परिषदेत सर्वांना चालेल अशी व्याख्या ठरविली. १० ते २०० नॅनोमीटर आकाराचे, सतत बदलणारे, कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडांनी समृद्ध असे क्षेत्र म्हणजे तराफा. २००९ मध्ये स्टेफान हेल यांच्या जर्मन गटाने नव्या सूक्ष्मदर्शकाने स्फिंगोलिपिडांचे रेणू वीस नॅनोमीटरहून लहान जागेत, सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागापुरते अडकताना पाहिले. इतक्या क्षणभंगुर गोष्टीवर औषधशास्त्र उभारायचे, तर पाय जपून टाकावे लागणार हे उघड आहे.

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या बाबतीत मात्र सुदैवाने संशोधकांच्या हाती एक ठोस, डोळ्यांना दिसणारी वस्तू होती. जॉर्ज पलाडे यांनी १९५३ मध्ये हृदयातील केशवाहिन्यांच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेशीपटलावर आत वळलेल्या असंख्य बारीक कुप्या त्यांना दिसल्या. दोन वर्षांनी यामादा या जपानी शास्त्रज्ञांनी पित्ताशयाच्या पेशींत तशाच कुप्या पाहून त्यांना 'केव्हिओला', म्हणजे छोटी गुहा, असे नाव दिले. पन्नास ते शंभर नॅनोमीटरच्या या गुहा तराफ्यांचेच एक स्थिर रूप मानल्या जातात. कोलेस्टेरॉल त्यांतही खच्चून भरलेले असते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी, मेदपेशी आणि स्नायुपेशी यांवर त्यांची दाटी असते. पण त्यांना आकार देणारे प्रथिन, केव्हिओलिन, ओळखले गेले ते १९९२ मध्ये. आणि त्या प्रथिनामागोमाग या गुहांचे रक्तदाबाशी असलेले नाते उलगडू लागले.

रक्तवाहिनी सैल पडावी यासाठी तिच्या अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू बनविणारे विकर पेशीभर विखुरलेले नसते. त्याचा मोठा हिस्सा याच गुहांत राहतो आणि तेथे केव्हिओलिन त्याला धरून ठेवते. रक्ताचा प्रवाह वाढला किंवा तसा संदेश आला की पकड सुटते, वायू तयार होतो, वाहिनी रुंदावते. बेल्जियममधील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखविले की, अस्तराच्या पेशींना जास्त एलडीएल कोलेस्टेरॉलमध्ये ठेवले तर त्यांतील केव्हिओलिन वाढते, विकरावरची पकड घट्ट होते आणि वायू कमी बनतो. स्टॅटिनने हीच प्रक्रिया उलटविता येते, असे त्याच गटाने २००१ मध्ये सांगितले. हे प्रयोग काचपात्रातील पेशींवरचे होते, हे विसरून चालणार नाही. तरीही धमनीत मेदाचा थर साचण्याच्या कितीतरी आधीच तिचे सैलावणे का बिघडते, याचा एक पटण्याजोगा दुवा त्यातून मिळाला.

उलट केव्हिओलिन काढूनच टाकले तर? २००१ मध्ये केव्हिओलिन-१ चे जनुक नसलेले उंदीर तयार करण्यात आले. अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध ते जगले, त्यांना पिल्लेही झाली. त्यांच्या रक्तवाहिन्यांत गुहा नव्हत्या आणि नायट्रिक ऑक्साइड मुबलक होते. यापेक्षाही बोलका प्रयोग २००४ मध्ये झाला. ज्या उंदरांना हमखास धमनीकाठिण्य होते, अशा वाणातून केव्हिओलिन-१ वगळण्यात आले. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी झाले नाही, किंबहुना ते वाढले. धमन्यांतील मेदाचे थर मात्र ८० टक्क्यांपर्यंत घटले. पुढे केवळ अस्तराच्या पेशींत केव्हिओलिन परत आणताच थर पुन्हा वाढू लागले.

या प्रयोगाचा अर्थ नीट लावला पाहिजे, कारण त्याचाही विपर्यास होऊ शकतो. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढूनही धमनी स्वच्छ राहते, म्हणजे कोलेस्टेरॉल बिनमहत्त्वाचे, असा निष्कर्ष कोणी काढू शकेल. प्रत्यक्षात प्रयोग सांगतो ते असे की, एलडीएल रक्तात असणे ही पहिली पायरी आणि अस्तर ओलांडून धमनीच्या भिंतीत शिरणे ही दुसरी. दुसऱ्या पायरीचा दरवाजा काही प्रमाणात या गुहांच्या ताब्यात आहे. दरवाजाच काढून घेतला, तर बाहेरची गर्दी आत येऊ शकत नाही. माणसात हा दरवाजा बंद करण्याची सोय नाही आणि करणे धोक्याचेही आहे, कारण त्याच बिनकेव्हिओलिनच्या उंदरांत फुप्फुसांतील रक्तदाब वाढला, हृदय फुगले आणि आयुष्य घटले. २०१२ मध्ये केव्हिओलिन-१ च्या जनुकातील दोष माणसांतील फुप्फुसीय उच्च रक्तदाबाशीही जोडला गेला. राहता राहिला उपाय तो बाहेरची गर्दी कमी करण्याचा, म्हणजे रक्तातील एलडीएल घटविण्याचा.

हृदयाच्या स्नायूत या प्रथिनाचे भावंड असते, केव्हिओलिन-३. त्याच्या जनुकातील बदलांमुळे हृदयाच्या विद्युत लयीचा एक घातक आनुवंशिक विकार उद्भवतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. सोडियमचा जो प्रवाह ठरावीक क्षणी थांबायला हवा, तो रेंगाळतो आणि ठोक्यांचे वेळापत्रक कोलमडते. येथे सोडियमच्या मार्गिकेत दोष नसतो, दोष तिच्या शेजाऱ्यात असतो. चार वर्षांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी निकामी होत चाललेल्या हृदयाच्या पेशींत ॲड्रेनॅलिनच्या एका जातीच्या ग्राहींनी आपली जागाच बदलल्याचे दाखविले. एरवी पेशीच्या खोल नळ्यांत असणारे हे ग्राही पृष्ठभागावर पसरले होते आणि जो संदेश एका कोपऱ्यापुरता राहायला हवा, तो पेशीभर पसरत होता. ग्राही तेच, हार्मोन तेच, पत्ता बदलल्याने परिणाम बदलला.

हाच पत्त्याचा मुद्दा पूर्वी कोलेस्टेरॉलच्या संशोधनातही येऊन गेला आहे. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात एलडीएल पेशीत घेणारे ग्राही शोधून काढले आणि त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ असलेल्या बहुतेक रुग्णांत हे ग्राही नसतात किंवा अपुरे असतात. १९७७ मध्ये मात्र असा एक रुग्ण आढळला, ज्याच्या पेशींवर ग्राही होते, ते एलडीएलला घट्ट धरतही होते, पण ज्या विशिष्ट खळग्यांत त्यांनी जमायला हवे तेथे ते जमत नव्हते. परिणामी धरलेले एलडीएल आत जात नव्हते. हे खळगे केव्हिओलापेक्षा वेगळे आहेत, पण हे दाखविणाऱ्या गटातील रिचर्ड अँडरसन हेच पुढे केव्हिओलिनच्या शोधातही आघाडीवर होते, हा योगायोग म्हणता येणार नाही.

आता त्या संदेशांच्या उत्तरार्धाकडे वळू. पेशीला कोलेस्टेरॉल लागते, म्हणून रक्तात ते भरपूर हवे का? पेशी आपल्या गरजेपुरते कोलेस्टेरॉल स्वतः बनवू शकते. मेंदूत शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलच्या सुमारे पाव हिस्सा असतो, पण तो मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातील एलडीएल मेंदूच्या संरक्षक अडथळ्यापलीकडे जात नाही. स्टॅटिन मुख्यतः यकृतात काम करते. तेथील निर्मिती मंदावली की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर अधिक ग्राही मांडतात आणि रक्तातील एलडीएल ओढून घेतात. म्हणजे औषध पेशीपटले ओरबाडत नाही, रक्तातील शिल्लक कमी करते. याला निसर्गानेच केलेल्या प्रयोगाचा पुरावा आहे. पीसीएसके-९ या जनुकात विशिष्ट दोष घेऊन जन्मलेल्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत एलडीएल आयुष्यभर सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यातील हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. त्यांच्या पेशीपटलांना काही कमी पडल्याचे दिसले नाही. स्टॅटिनच्या २६ चाचण्यांतील सुमारे १,७०,००० रुग्णांच्या माहितीचे २०१० मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, त्यातही एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने घटविले की हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना पाचांश किंवा किंचित अधिकच घटतात, असे दिसले.

भारतीयांसाठी या आकड्यांना अधिक धार आहे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' पाहणीनुसार दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र जवळपास ५९ व्या वर्षी. सहा वर्षांचा हा फरक घरातील कर्त्या माणसाच्या उमेदीच्या वर्षांतला आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये रक्तातील मेदासंबंधी खास भारतीयांसाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि अतिजोखमीच्या रुग्णांसाठी एलडीएलची पातळी ५५ मिलिग्रॅमच्या खाली राखण्याची शिफारस केली. मोबाइलवरच्या संदेशांतील सल्ला याच्या नेमका उलट दिशेला जातो.

इथवर पेशीपटलाचे शास्त्र वैद्यकाच्या प्रस्थापित मताला पुष्टी देते. पण त्याच शास्त्राच्या नावे नवे काही विकायला निघाले की सावध व्हावे लागते, याचे अलीकडचे मोठे उदाहरण माशाच्या तेलाचे आहे. माशांच्या तेलात ईपीए आणि डीएचए अशी दोन ओमेगा-३ मेदाम्ले असतात. दोन्ही पेशीपटलात शिरतात, पण तेथे सारखी वागत नाहीत. ईपीएचा रेणू मेदाच्या थरात लांबट पसरून राहतो, डीएचएचा वळसे घेत पडद्याची घडी विस्कटतो, असे कृत्रिम पटलांवरील प्रयोग सांगतात. ईपीएमुळे कोलेस्टेरॉलचे स्फटिकासारखे गठ्ठे बनण्यास आळा बसतो, डीएचएमुळे तसे होत नाही, असेही त्यांत आढळले.

हे सारे महत्त्वाचे ठरले ते दोन चाचण्यांमुळे. 'रिड्यूस-इट' या चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्या, पण ट्रायग्लिसराइड वाढलेल्या ८,१७९ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए देण्यात आले. २०१८ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे पाच वर्षांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना चौथ्या हिश्श्याने घटल्या. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ च्या डिसेंबरात या वापराला मान्यता दिली. लगोलग दुसरी चाचणी, 'स्ट्रेंग्थ', १३,०७८ रुग्णांवर झाली. तीत ईपीए आणि डीएचए यांचे मिश्रण होते. ती २०२० च्या जानेवारीत निरुपयोगी म्हणून थांबविण्यात आली, फायदा शून्य.

एकीत यश, दुसरीत अपयश, का? पेशीपटलाचा सिद्धांत मांडणाऱ्यांकडे उत्तर तयार होते. दुसऱ्या चाचणीत डीएचए होते, त्याने ईपीएचे पटलावरील काम पुसून टाकले. उत्तर सुबक आहे. पण याहून साधे आणि अधिक अडचणीचे उत्तरही उपलब्ध होते. 'रिड्यूस-इट'मधील तुलनेच्या गटाला प्लासिबो म्हणून खनिज तेल देण्यात आले होते आणि त्या गटाचे एलडीएल चाचणीदरम्यान सुमारे दहा टक्क्यांनी वाढले, दाहाचे निर्देशकही वाढले. 'स्ट्रेंग्थ'मध्ये मक्याचे तेल होते, तेथे असे काही झाले नाही. तेव्हा ईपीएने किती वाचविले आणि खनिज तेलाने समोरच्या गटाचे किती बिघडविले, हा प्रश्न उभा राहिला. औषध प्रशासनाच्या तज्ज्ञांनी खनिज तेलाचा परिणाम गृहीत धरूनही लाभाचा काही भाग खरा असल्याचे मानले. हृदयरोगतज्ज्ञांचे मात्र आजही यावर एकमत नाही. ईपीएच्या पटलावरील वागणुकीविषयीच्या संशोधनापैकी काहींना औषधकंपनीचेच अर्थसाहाय्य होते, ही बाबही नजरेआड करण्याजोगी नाही. अर्थसाहाय्यामुळे प्रयोग खोटे ठरत नाहीत, पण कृत्रिम पटलावरील निरीक्षण आणि माणसाच्या धमनीतील परिणाम यांतील अंतर कमीही होत नाही.

या अंतराचा फायदा घेतला जातो तो औषधाच्या दुकानात. तेथे मिळणाऱ्या माशाच्या तेलाच्या सर्वसाधारण कॅप्सूलांत दोन्ही मेदाम्लांचे मिश्रण असते आणि मात्रा त्या चाचण्यांच्या मानाने किरकोळ असते. अमेरिकेत २५,८७१ निरोगी प्रौढांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ देऊन पाहणाऱ्या 'व्हायटल' चाचणीत, २०१८ मध्येच, हृदयविकार, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांत एकूण लक्षणीय घट दिसली नव्हती. शिवाय 'रिड्यूस-इट' आणि 'स्ट्रेंग्थ' या दोन्ही मोठ्या मात्रेच्या चाचण्यांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे, प्रमाण वाढलेले आढळले. पेशीपटलात शिरणारा रेणू धमनीच्या पेशीत शिरतो तसा हृदयाच्या स्नायूतही शिरतो, हे ध्यानात घेतले तर यात फार आश्चर्य नाही. 'पेशींचे आरोग्य राखते' असे कॅप्सूलच्या डबीवर छापणाऱ्यांना या अनियमित ठोक्यांचा उल्लेख करावासा वाटत नाही, एवढेच.

ईपीएचा वाद मिटवायचा तर मार्ग एकच आहे. निरुपद्रवी प्लासिबो घेऊन काही हजार रुग्णांवर, चार-पाच वर्षे चालणारी चाचणी पुन्हा करणे. पण अमेरिकेतील न्यायालयाने २०२० च्या मार्चमध्ये या औषधाची महत्त्वाची पेटंट रद्द ठरविली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे जेनेरिक रूप तेथील बाजारात आले. ज्या औषधावर आता कोणाचीच मक्तेदारी उरलेली नाही, त्याची कोट्यवधी डॉलरची चाचणी खासगी कंपनी स्वखर्चाने करील, अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. ती करायची झाल्यास सरकारी निधीतूनच करावी लागेल आणि अकाली हृदयविकाराचा भार सर्वाधिक सोसणाऱ्या दक्षिण आशियातील रुग्ण तीत मोठ्या संख्येने असावे लागतील.